लूप धरायला कोण शिकवणार?

कवठे महांकाळसारख्या तालुक्याच्या गावात खासगी शिकवणीचा तुटवडा नसतो. दहावीचे गणित, बारावीचे फिजिक्स-केमिस्ट्री, नीटचे बायो, स्पोकन इंग्लिश, पोलीस भरती. प्रत्येकाची पाटी असते, पाटीखाली मोबाइल नंबर असतो आणि निकाल लागला की फ्लेक्सवर हसरे फोटो झळकतात. मायक्रोबायोलॉजीची पाटी मात्र सहसा दिसत नाही. विषय अवघड आहे म्हणून नव्हे. क्लास गर्दीवर चालतो आणि या विषयाला गर्दी नाही. बीएस्सीला मायक्रो घेतलेली दोन-चार मुले, नर्सिंगची एक मुलगी, डीएमएलटी करणारा एक मुलगा, कृषी पदवीचा एक पेपर बॅक राहिलेला आणखी एखादा. एवढ्यांच्या भरवशावर कोणी भाड्याची खोली आणि बाक घेऊन बसत नाही.

बरे, या सगळ्यांना एका बाकावर बसवावे तर तेही जमत नाही. नर्सिंगच्या मुलीला वॉर्डातला संसर्ग एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर कसा जातो आणि तो कसा अडवायचा हे हवे असते. डीएमएलटीवाल्याला नमुना घेणे, रंगवणे आणि रिपोर्ट लिहिणे. कृषीच्या मुलाची गाडी रायझोबियम आणि अझोटोबॅक्टरवर अडलेली असते. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षात जीवाणूंची चयापचय क्रिया आणि जनुके अंगावर येतात. आणि एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलापुढे अनंतनारायण आणि पणीकर यांचा तो जाडजूड ग्रंथ असतो, जो १९७८ पासून भारतातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची झोप उडवत आला आहे. नाव एकच, पण शिकवणारा माणूस प्रत्येकाला वेगळा लागतो. शिकवणी शोधायला निघालेल्या घरांना हे बहुधा उशिरा कळते. तोवर पहिल्या महिन्याची फी देऊन झालेली असते.

फी देताना घरच्यांची अपेक्षा काय असते? नोट्स. छापील, युनिटवार, मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नांसह. चांगल्या नोट्सवर मुलगी पास होते, कधी फर्स्ट क्लासही काढते, यात शंका नाही. पण प्रॅक्टिकलच्या परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक समोर एक स्लाइड ठेवतात आणि विचारतात, हे जांभळे आहे की गुलाबी, आणि का? तिथे नोट्सची पाने संपतात.

त्या जांभळ्या-गुलाबीची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. हान्स क्रिश्चियन ग्राम हा डॅनिश डॉक्टर १८८४ मध्ये बर्लिनच्या एका रुग्णालयात, न्यूमोनियाने मेलेल्या माणसांच्या फुप्फुसांत जीवाणू नीट दिसावेत म्हणून रंगांशी खटपट करत होता. काही जीवाणू जांभळा रंग घट्ट धरून ठेवतात आणि काही अल्कोहोलने धुतल्यावर सोडून देतात, हे त्याच्या लक्षात आले. आपली पद्धत अपुरी आहे, असे त्यानेच त्या लेखात कबूल केले होते. आज जगभरच्या रुग्णालयांच्या लॅबमध्ये जीवाणूंच्या तपासणीला बहुधा याच पद्धतीपासून सुरुवात होते. पुस्तकात ती चार ओळींत संपते: लूपने, म्हणजे तारेच्या कडीने, काचेवर पातळ थर द्या, वाळवा, ज्योतीवरून फिरवा, क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, आयोडीन एक मिनिट, मग अल्कोहोल, मग सॅफ्रॅनिन. या चार ओळी पाठ करायला दहा मिनिटे पुरतात. करायला बसले की थर जाड होतो आणि सगळेच जांभळे दिसते. ज्योतीवर काच जास्त तापली की पेशी करपतात. अल्कोहोल चार सेकंद जास्त राहिले की जांभळे असायला हवे ते गुलाबी होते. संवर्धन दोन-तीन दिवसांचे शिळे असेल तर एकाच जातीतले काही जीवाणू जांभळे, काही गुलाबी. विद्यार्थिनी घाबरते, जर्नलमध्ये पुस्तकातले चित्र काढते आणि सबमिशन करून मोकळी होते. नेमके त्या क्षणी शेजारी कोणी असायला हवे, जो काच उजेडात धरून म्हणेल, "थर बघ केवढा जाड झालाय, अर्धाच थेंब घे."

एवढ्यासाठी शिकवणी हवी. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढायला शिकणारा पोरगा पुस्तक घेऊन बसत नाही, उस्तादाच्या हाताकडे बघत बसतो आणि आपला हात चुकला की ओरडा खातो. मायक्रोबायोलॉजी बरीचशी त्या जातीची आहे, आणि तिचा इतिहासही तेच सांगतो.

डेल्फ्टचा लेव्हेनहूक कापडाचा व्यापारी. विद्यापीठ नाही, लॅटिन नाही, गुरू नाही. स्वतः घासलेल्या इवल्याशा भिंगांतून त्याने १६७० च्या दशकात पाण्यातले आणि पुढे दातांवरच्या किटणातले सूक्ष्मजीव पाहिले आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला डच भाषेत पत्रांमागून पत्रे लिहिली. स्वशिक्षणाचा हा आदर्श म्हणून सांगितला जातो, आणि ते खरेच आहे. पण त्या गोष्टीचा उत्तरार्ध सहसा कोणी सांगत नाही. पाहण्याची आपली सर्वांत चांगली युक्ती लेव्हेनहूकने शेवटपर्यंत स्वतःपाशी ठेवली. शिष्य घेतला नाही. तो १७२३ मध्ये गेला आणि त्याने दाखवलेल्या त्या जगाकडे पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ फारसे कोणी वळले नाही. एका माणसाने शिकवणी घेतली नाही म्हणून एक शास्त्र एवढे रेंगाळले, असे म्हणणे थोडे जास्त होईल; पण अगदीच चूक नाही.

उलट उदाहरण पॅरिसचे. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये १८८९ मध्ये एमिल रू यांनी सूक्ष्मजीवशास्त्राचा अभ्यासक्रम सुरू केला. व्याख्यान थोडे, टेबलावरचे काम जास्त. रू यांच्या हाताखाली या वर्गाची तयारी करून देणारा तरुण म्हणजे अलेक्झांडर येर्सिन, ज्याने १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगचा जीवाणू शोधला. त्याच संस्थेत १८८९ मध्येच एक रशियन ज्यू तरुण ग्रंथपालाच्या नोकरीवर रुजू झाला, कारण दुसरी जागाच नव्हती. पुस्तके लावता लावता तो प्रयोगशाळेत शिरला. त्याचे नाव वाल्देमार हाफकिन. हाँगकाँगनंतर दोन वर्षांनी तोच प्लेग मुंबईत उतरला तेव्हा हाफकिन मुंबईत आला, ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या अपुऱ्या जागेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ मध्ये प्लेग संशोधनाची प्रयोगशाळा आली, तिला १९२५ मध्ये हाफकिनचे नाव मिळाले आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्या तिथे शिकल्या. टेबलाशी उभे राहून शिकवण्याची ती रीत पॅरिसहून परळला अशी पोचली.

मराठी मुलीला असा शिक्षक मिळवण्यासाठी काय करावे लागले, याचेही उदाहरण घरातलेच आहे. कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. मुंबई विद्यापीठाची बीएस्सी झाल्यावर १९३३ मध्ये त्यांनी बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सकडे अर्ज केला. सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून तो नाकारला. त्या तिथे जाऊन हटून बसल्या. अखेर वर्षभर काम पाहू, मग ठरवू, अशा अटीवर त्यांना आत घेतले गेले. तिथे त्यांना श्रीनिवासय्या मिळाले, शिस्तीचे कडक आणि शिकवायला उदार. विषय जीवरसायनाचा होता, मायक्रोचा नव्हे, पण दोन्ही शास्त्रांची भिंत एकच. त्या वर्षातले काम पाहून रामन यांनी मुलींना रीतसर प्रवेश द्यायला सुरुवात केली आणि कमलाबाई १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी घेऊन आल्या. आजच्या मुलीला प्रवेशासाठी सत्याग्रह करावा लागत नाही. तिचा अडसर साधा आहे: संध्याकाळची एसटी चुकली की घरी पोचायला रात्र होते.

कारण शिकवणी म्हटले की नजर मिरज-सांगलीकडे जाते. ती जाणे स्वाभाविक आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उघडले आणि नंतर थोड्याच वर्षांत तिथे वैद्यकीय शाळाही चालू केली, स्थानिक मुलांना हाताशी धरून. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ चे, कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठही त्याच वर्षाचे. लॅब, डॉक्टर, औषध दुकानदार आणि पॅथॉलॉजीचे बोर्ड यांनी मिरजेचे रस्ते भरलेले आहेत. तिथे शिकवणारा सापडतो. पण कॉलेज सुटल्यावर जायचे, तासभर शिकायचे आणि परत यायचे, हे आठवड्यातून एकदा जमते. रोज जमायचे नाही.

आता कवठे महांकाळच्या आजूबाजूलाच बघू. हा दुष्काळी तालुका, म्हैसाळ योजनेतून कृष्णेचे पाणी उचलून आणल्यावर अनेक शिवारांचा रंग पालटला. द्राक्षबागा आहेत, आणि द्राक्षबाग म्हणजे बारा महिन्यांचे प्रॅक्टिकल. ऑक्टोबर छाटणीनंतर ढगाळ हवा आणि पाऊस आला की डाऊनी हा रोग येतो, पुढे कोरड्या थंडीत भुरी, मध्येच करपा. बागायतदार पान उलटे करून पांढरी लव बघतो आणि पोरीला म्हणतो, "बघ की, काय म्हणतंय तुझं पुस्तक?" पुस्तक म्हणते की डाऊनीचा जीव दिसतो बुरशीसारखा, पण तो खरी बुरशी नाही, त्याचे गोत्र वेगळे, म्हणूनच भुरीवर चालणारी काही औषधे डाऊनीवर चालत नाहीत. बापाला हे अनुभवाने ठाऊक असते, मुलीला वर्गीकरणाच्या तक्त्यातून. दोघांनी एकदा बांधावर बसून बोलायला हवे. मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण ज्या घरात ढवळले जाते, त्या घरात ते मिश्रण १८८५ मध्ये जगापुढे मांडणारा मिलार्दे सांगायला बाहेरचा मास्तर नको. फ्रान्समधल्या मेडॉक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांना घाबरवायला निळे पाणी शिंपडत, आणि नेमक्या त्याच वेली रोगातून वाचलेल्या मिलार्देला दिसल्या. आपल्याकडे चोरांची भीती आजही आहे, हा भाग वेगळा.

बेदाणा शेडचेही तसेच. रॅकवर द्राक्षे वाळतात म्हणजे त्यांतले पाणी एवढे उतरते की बुरशी आणि जीवाणूंना वापरायला ते उरत नाही. फूड मायक्रोबायोलॉजीच्या पेपरात 'वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी' म्हणून जो प्रश्न हमखास येतो, तो हाच. दूध संकलनात मेथिलीन ब्लूचा निळा रंग किती वेळात उडतो यावरून दुधातल्या जीवाणूंचा अंदाज घेण्याची चाचणी आहे. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये शिळ्या उसाचा रस चिकट का होतो ते विचारावे. ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस नावाचा जीवाणू साखरेपासून डेक्स्ट्रान बनवतो आणि गाळण्यापासून दाणा पडण्यापर्यंत सगळी कामे बिघडवतो. हाच जीवाणू घरात इडलीचे पीठ फुगवतो. कारखान्यात गुन्हेगार, स्वयंपाकघरात पाहुणा!

म्हणजे हाताचे काम जाणणारी माणसे इथे आहेत. ती शिक्षक म्हणून ओळखली जात नाहीत, एवढेच. पॅथॉलॉजी लॅबमध्ये वर्षानुवर्षे थुंकीच्या स्लाइडवर टीबीचे लाल जीवाणू शोधणारे टेक्निशियन, डेअरीतले केमिस्ट, जैविक खतांच्या युनिटमध्ये ट्रायकोडर्मा वाढवणारी मुले, आसवनीत यीस्ट सांभाळणारे. आणि एक मोठा गट तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकांचा. एमएस्सी झालेले, नेट किंवा सेट उत्तीर्ण, तरी तासावर मोजून मिळणाऱ्या मानधनावर वर्षामागून वर्षे काढणारे. या माणसांकडून शिकण्यात विद्यार्थ्याचा फायदा आहे आणि त्यांनाही दोन पैसे मिळतात. समाजाने त्यांच्या बाबतीत केलेल्या कंजुषीची भरपाई मात्र त्यातून होत नाही. पूर्णवेळ प्राध्यापकांची गोष्ट निराळी. नेमलेल्या कामात अडथळा येईल अशी खासगी शिकवणी त्यांनी घेऊ नये, असे विद्यापीठ अनुदान आयोगाची व्यावसायिक आचारसंहिता सांगते. त्यांना घरी गाठण्यापेक्षा कॉलेजात तास संपल्यावर थांबून विचारावे. बहुतेक जण सांगतात, आणि त्याचे पैसे लागत नाहीत.

भाषेची अडचण आहेच. बारावीपर्यंत अर्धेमुर्धे मराठीत शिकलेली मुलगी एकदम इंग्रजी पुस्तकावर येते आणि जे चित्र डोळ्यांपुढे उभे राहायला हवे ते शब्दांच्या मागे राहते. मराठीत समजावणारा मिळाला तर निम्मे काम होते. तो मिळेपर्यंत मराठी विश्वकोश उघडावा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत बसून उभारलेला तो प्रचंड व्याप आता मोबाइलवर फुकट वाचता येतो आणि त्यात जीवाणू, विषाणू, कवक यांवर नीट लिहिलेल्या नोंदी आहेत. आधी मराठी नोंद, मग इंग्रजी प्रकरण, या क्रमाने गेले की पुष्कळ गोष्टी आपोआप सुटतात. व्याख्याने हवी असतील तर केंद्र सरकारचे 'स्वयम्' हे पोर्टल २०१७ पासून चालू आहे. एक मर्यादा तेवढी ध्यानात ठेवावी: व्हिडिओत शिक्षकाचा हात विद्यार्थ्याला दिसतो, विद्यार्थ्याचा हात शिक्षकाला दिसत नाही. पुण्या-कोल्हापुरातल्या कोणाकडे ऑनलाइन शिकवणी लावायचीच असेल तर फोन टेबलावर असा टेकवून ठेवावा की त्यांना आपली काच आणि बोटे दिसतील. चेहरा दिसला नाही तरी चालेल.

घरी करण्यासारखेही पुष्कळ आहे. रब्बीत हरभऱ्याचे एक झाड मुळासकट हळू उपटून मुळावरच्या गाठी ब्लेडने कापाव्यात. आत गुलाबी दिसले तर हवेतला नायट्रोजन बांधण्याचे काम चालू आहे, असे समजावे. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावकीतला. अग्रणी नदीच्या पात्रातला चिखल पारदर्शक बरणीत घ्यावा, त्यात वर्तमानपत्राचे कपटे आणि उकडलेल्या अंड्याचा थोडा बलक मिसळून वर पाणी घालावे आणि खिडकीत ठेवावे. काही आठवड्यांनी हिरवे, जांभळे, गंजासारखे थर दिसू लागतात. विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाच्या नावाने हा प्रयोग ओळखला जातो. मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये जगापुढे आणलेला कागदी सूक्ष्मदर्शक, फोल्डस्कोप, सुमारे १४० पट मोठे दाखवतो. त्यातून यीस्ट दिसते, डाऊनीचे बीजाणू दिसतात. जीवाणू नीट पाहायचे तर मात्र तेलात बुडवायचे शंभराचे भिंग असलेला सूक्ष्मदर्शक लागतो आणि त्यासाठी लॅबच गाठावी लागते.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. थुंकी, जखमेतला पू, गटाराचे पाणी यांतले जीवाणू घरी वाढवायचे नाहीत. कितीही हौस असली तरी नाही, आणि जो शिकवणारा घरी तसे करायला सांगेल त्याच्याकडे पुन्हा जायचे नाही. घरात वाढवलेल्या कुठल्याही प्लेटचे झाकण उघडून वास घ्यायचा नाही. काम झाल्यावर ती कुकरमध्ये घालून तिच्यातले जीव मारायचे: शिट्टीचे वजन लावलेल्या कुकरात साधारण पंधरा पौंड दाब येतो, तापमान १२१ अंशांच्या आसपास जाते, आणि लॅबमधला ऑटोक्लेव्हही एवढेच करतो. दाब आल्यावर मंद आचेवर वीस मिनिटे. तो कुकर पुन्हा स्वयंपाकाला घ्यायचा नाही, हे आईला विचारायची गरज नाही. ती घेऊच देणार नाही.

शिकवणारा चांगला की नाही, हे पहिल्या भेटीत कळू शकते. त्यांनी किती मुले पास केली हे विचारण्यापेक्षा, त्यांनी शेवटची स्लाइड स्वतः कधी केली ते विचारावे. उत्तर चटकन आले तर पुढचे बोलावे. मुलीने चुकीचे उत्तर दिल्यावर ते बरोबर उत्तर सांगून मोकळे होतात की ती तिथे कशी पोचली ते विचारतात, याकडे लक्ष ठेवावे. फी महिन्यावर ठरवण्यापेक्षा युनिटवर ठरवलेली बरी. युनिट संपले, समजले, मग पुढचे. घरच्यांनी पहिल्या इंटर्नलच्या गुणांवरून निकाल लावण्याची घाई करू नये. जर्नलमध्ये मुलीने स्वतः पाहिलेली चित्रे येऊ लागली आहेत का, ते पाहावे. खरी चित्रे जरा वाकडी असतात.

आणि एक विनंती दुसऱ्या बाजूला. एमएस्सी मायक्रो करून लग्नानंतर या तालुक्यात आलेल्या, पदवी कपाटात ठेवून घर आणि बाग सांभाळणाऱ्या बायका गावोगाव भेटतात. लॅबमधून निवृत्त होऊन घरी बसलेले टेक्निशियनही असतात. त्यांनी आठवड्यातला एक रविवार, दोन विद्यार्थी, एवढेच ठरवावे आणि किराणा दुकानाच्या, मेडिकलच्या, कॉलेजच्या नोटीस बोर्डावर एक चिठ्ठी लावावी: मायक्रोबायोलॉजी शिकवून मिळेल.